देशाची प्रार्थना माझ्याकडं होती

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि वेलांटी कुठं पहिली द्यायची, कुठं दुसरी, हे मला कधीच उमगलं नाही. चौथीनंतर धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी बसवलं, ती शाळा परत दिसली नाही. हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. पण माझ्या मागं कुणाच्या हाती लागलंच, तर त्यानं हसू नये, एवढंच मागणं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. प्रार्थनेत तेवढा फुटायचा, कारण तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे.

सुगी आली आहे. रानात ज्वारी वाळून उभी आहे आणि वारा सुटला की सगळं शिवार खडखडतं. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. करडई काढायला अजूनही पहाटेच जावं लागतं, दवानं काटे मऊ असतात तोवर. ऊन वर आलं की तेच काटे चिंध्या बांधलेल्या हातातसुद्धा घुसतात. ओढ्याच्या कडेचा पळस पेटल्यासारखा लाल झाला आहे. हरभऱ्यातून चालत आलं की पायाला पानांवरची आंबट आंब लागते आणि घरी येईपर्यंत टाचांच्या भेगा चुरचुरत राहतात.

आमचा उपवासकाळ याच दिवसांत येतो. प्रभूच्या दुःखाची आठवण करायचे दिवस आणि अंग मोडून काम करायचे दिवस एकच. दिवसभर ज्वारी काढायची, संध्याकाळी हातपाय धुऊन ज्याच्या घरी सभा असेल त्याच्या अंगणात जाऊन बसायचं. केसांत कडब्याचा भुसा, मानेला कुसळं, हातावर पात्यांनी ओढलेल्या बारीक रेघा. ढोलकी सुरू झाली की जरा जाग येते, पण प्रार्थना लांबली की माणसं बसल्याजागी झोपतात. आमच्यात एक म्हातारबाबा होते, ते पहिल्या वाक्यालाच घोरायला लागायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन त्यांचंच असायचं.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. थोडीच घरं, पत्र्याचं एक चर्च, आणि मुरुम गावाच्या बाजूनं मोटारसायकलवर येणारे पाळकसाहेब. ते रविवारी येतात. बाकीच्या दिवसांचा कारभार मार्थाकाकूंचा. त्यांना लिहायला येत नाही, पण कुणी कशासाठी प्रार्थना करायची हे त्या वाटून द्यायच्या. एकाला आजारी माणसं, एकाला वाटसरू, एकाला विधवा आणि अनाथ. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच सुगीत त्यांनी मला देश दिला. देश आणि देशावरचे अधिकारी.

मी घाबरले. म्हटलं, काकू, मला दुसरं काही द्या, मला त्यातलं काही कळत नाही. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की नव्या सुनेनं आजाऱ्याचं नाव घेतलं तर त्याची बायको म्हणणार, हिला आमच्या घरातलं कसं कळलं. विधवेचं घेतलं तर दुसरी रुसणार. देश कुणाच्या भांडणात नाही, तू आपली देशाची कर.

तसा देश माझ्याकडं आला आणि राहिला.

प्रार्थना मार्थाकाकूंनीच शिकवली. जिना उतरावा तशी ती होती. सगळ्यांत वर देश, मग देश चालवणारे, मग राज्याचे, मग जिल्ह्याचे कलेक्टर, तालुक्याचे तहसीलदार, शेवटी गावचे सरपंच आणि पोलीस पाटील. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, प्रत्येकासाठी शहाणपण मागायचं, गरिबाकडं बघायची नजर मागायची. नावं बदलली की मी सामुएलला, माझ्या मुलाला, विचारायची. तो शाळेतून कधी पेपर वाचून यायचा, कधी मास्तरांना विचारून. जिल्ह्याचं नाव बदललं तरी माझ्या तोंडात उस्मानाबादच येई. मग मधेच थांबून मी धाराशिव म्हणायची. काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "पुढं चल, त्याला ठाव हाय कुठला जिल्हा."

एकदा निवडणुकीच्या धामधुमीत मी त्यांना विचारलं होतं की ज्याला आपण मत दिलं नाही, त्याचंही नाव घ्यायचं का. त्यांनी माझ्याकडं बघितलं ते मला आठवतं. म्हणाल्या, आवडत्या माणसाचं नाव तर कुणीही घेतं. खुर्चीवरच्या माणसाचं घ्यायचं ते तो आवडतो म्हणून नव्हे, तो चुकला तर खालचे सगळे मरतात म्हणून. शास्त्रात तसंच सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. मी शास्त्र थोडंच वाचलेलं, पण हे मला पटलं. त्या दिवसापासून मी नुसती नावं घेत नव्हते. मनात त्या माणसांचं काही काही आणायची. कलेक्टरसाहेब जेवले असतील का, त्यांना झोप लागत असेल का. कधी न बघितलेल्या माणसांची काळजी वाहणं सोपं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग आमच्या गावच्या सरपंचपदाची जागा आमच्या प्रवर्गाला सुटली. वरच्या आळीत दोन पार्ट्या होत्या आणि एकमेकींचा माणूस दोघींनाही नको होता. दोघींनी मिळून एक साधा माणूस शोधला. हे. सामुएलचे बाबा. कुणाला कधी नाही न म्हटलेला माणूस. लोक म्हणायचे, याच्यासारखा गरीब माणूस सरपंच झाला, वस्तीचं नशीब उघडलं. मलाही तसंच वाटलं. यांनी मुरुमच्या बाजारातून पांढरा शर्ट आणला, तो धुऊन वाळत घातला की येणारीजाणारी माणसं थांबून बघायची. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारी माणसं रडली. आमच्यातला माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता.

त्या सुगीतली पहिली सभा मला अजून लाजवते. माझी देशाची प्रार्थना सुरू झाली. वरून एकेक पायरी उतरत आले, तहसीलदार झाले, आणि गावच्या सरपंचापाशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं. आमच्याकडं ख्रिस्ती झालो म्हणून हे सुटलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी गप्प. सगळे डोळे मिटून वाट बघतायत. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि मागून एक बाई म्हणाली, "उखाण्यात घ्या वैनी, देवाला चालतंय." सगळं अंगण हसलं. हेही हसले. मी कसंबसं म्हटलं, "सामुएलचे बाबा." काकूंनी लगेच आमेन करून मला सोडवलं.

पुढं दर सभेला तसंच चाललं. सामुएलचे बाबा. यांना शहाणपण दे, गरिबाकडं बघायची नजर दे.

पण ज्याच्यासाठी प्रार्थना करतो तो माणूस घरात भाकरी खात असेल, तर प्रार्थनेचे शब्द तोंडात नीट बसत नाहीत. हे सुगीला रानात यायचे बंद झाले. दारात सतत कुणी ना कुणी. चहाला साखर पुरायची नाही. ग्रामसेवक कागद घेऊन यायचा, जेवताना यायचा, आणि हे डाव्या हातानं ताट धरून उजव्यानं तसंच गुडघ्यावर सही करायचे. मी एकदा म्हटलं, वाचून तरी बघा. म्हणाले, वरच्यांनी वाचलंय.

नळाची योजना त्याच वर्षी आली. वरच्या आळीत चर निघाले, पाइप गाडले, तोट्या बसल्या. आमच्या वस्तीचे पाइप रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवले होते, निळे, लांब. पोरं त्यात तोंड घालून हाका मारायची. मग ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, तेव्हा ढीग अर्धा झाला आणि ज्वारी वाळली तेव्हा तिथं नुसतं दबलेलं गवत राहिलं. कागदावर मात्र आमच्या दर घरात नळ आला होता. खाली यांची सही होती.

यांनी पैसे खाल्ले का, हे मला आजही सांगता येत नाही. आमच्या घरात तरी ते कधी दिसले नाहीत. हे म्हणाले होते की सगळे म्हणत होते, सही करा, पाइप परत येणार आहेत. मी विश्वास ठेवला. अजून ठेवते. पण पाणी तेवढ्यानं येत नाही.

बायका रविवारी चर्चमध्ये यांच्यासाठी डोळे मिटायच्या आणि सोमवारी घागर घेऊन दूरच्या बोअरवर जायच्या. मीही त्याच रांगेत. मला कुणी घालूनपाडून बोललं नाही. एकीनंच एकदा माझी घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवताना म्हटलं, "सरपंचीणबाई, तुमच्या नळाला तरी येतंय का ओ पानी?" बाकीच्या हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग पाइप गेले त्या सुगीतल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी देशासाठी प्रार्थना केली, राज्यासाठी केली, कलेक्टर झाले, तहसीलदार झाले, आणि त्यांनी एकदम आजाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. गावाची पायरी गाळली. कुणी डोळे उघडले नाहीत. मी उघडले. हे पुढच्या ओळीत बसले होते, मान खाली. मला वाटतं, साहेबांनी रागानं गाळली नसेल. त्यांना काय म्हणावं हे सुचलं नसेल. कालपर्यंत मागितलं ते शहाणपण परत मागायचं तर ते मिळालं नाही असं कबूल करावं लागतं.

घरी येऊन यांनी शर्ट काढला, घडी केली आणि ताटावर बसले. भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

"आज मला सोडलं त्यांनी," म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"कलेक्टर झाले, आन् मग एकदम आजारी मान्सं. म्या सायबात न्हाय, आन् आजाऱ्यातबी न्हाय. मग म्या कशात हाय गं?"

ते वाक्य माझ्या अंगात रुतलं ते रुतलंच. करडईचा काटा सुईनं निघतो, याला सुई मिळाली नाही. माणूस बदनाम होतो, लोक तोंड फिरवतात, हे सगळं मी बघितलं होतं. पण मंडळीनं प्रार्थनेतून गाळणं म्हणजे त्याला वाळीत टाकून पाणवठ्याबाहेर ठेवणं. ज्याच्यासाठी कुणी मागत नाही त्यानं जायचं कुठं?

त्याच आठवड्यात सभा आमच्या घरी होती. पाळी ठरलेली असते, ती चुकवता येत नाही. मी अंगण सारवलं, चहाचं पातेलं शेजारून मागून आणलं. सामुएल सारखा रस्त्याकडं बघत होता, कुणी येतंय का. आले. नेहमीपेक्षा थोडे, पण आले. मार्थाकाकू काठी टेकत सगळ्यांत आधी आल्या आणि दारातच बसल्या, म्हणजे उशिरा येणाऱ्याला त्यांना ओलांडूनच आत यावं लागेल आणि मधेच उठणाऱ्याला ओलांडूनच बाहेर. हे कणगीला टेकून अंधाऱ्या कोपऱ्यात बसले होते.

गीत झालं. वाचन झालं. काकू म्हणाल्या, देश.

मी उभी राहिले. पायरी पायरीनं खाली आले. तहसीलदार झाले आणि मी थांबले. सगळ्यांना वाटलं असेल, ही आता आजाऱ्यांवर जाणार, नाहीतर सामुएलचे बाबा म्हणून उरकणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण घरातलं नाव घेतलं की ते घरच्यापुरतं राहतं, आणि मला यांना पुन्हा त्या जिन्यावर उभं करायचं होतं.

"आन् प्रभू," मी म्हटलं, "आमच्या गावचे सरपंच, शांतवन. शांतवन दाविद. त्यांना खरं बोलायचं बळ दे. पाइप कुठं गेले ते त्यांच्या तोंडून निघू दे. त्यांना सोडू नको."

शेजारच्या खळ्यावर कुणीतरी कणसं झोडपत होतं, तेवढा आवाज. मी डोळे उघडायला भीत होते. वाटलं, आपण भर सभेत नवऱ्याची अब्रू काढली. मग दारातून काकूंचा आमेन आला, सावकाश, आणि त्यामागून एकेकाचा. सगळ्यांत शेवटचा कोपऱ्यातून आला. तो यांचा होता.

सुगी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या, आणि ग्रामसभा झाली. बायका जात नाहीत, मीही गेले नाही. सामुएलनं येऊन सांगितलं. म्हणे, बाबा उभे राहिले आणि म्हणाले, काम झालं नाही, तरी म्या सही केली. कुणाच्या सांगण्यावरून केली तेही नावांनिशी सांगितलं. मग गोंधळ झाला. ज्या दोन पार्ट्या कधी एका पंक्तीला बसल्या नव्हत्या, त्या यांच्याविरुद्ध एक झाल्या. अविश्वास आला, खुर्ची गेली. ग्रामसेवकाची बदली झाली, ज्यांची नावं घेतली त्यांच्या सह्या कुठंच नव्हत्या. सही एकाचीच. वसुली त्या सहीवर निघाली, हप्त्याहप्त्यानं भरायची.

मी कितीदा विचार केला की मी प्रार्थनेत ते मागितलं नसतं तर? हे गप्प राहिले असते, मुदत पुरी झाली असती, इतरांचं विसरतात तसं लोक विसरले असते. माझं मागणं ऐकलं गेलं, आणि ऐकलं गेलं म्हणून घर बसलं. हे मी पाळकसाहेबांना विचारायचं धाडस केलं नाही. यांना एकदाच विचारलं, हप्ता भरून परत येताना. म्हणाले, "त्या दिवशी तू मला आत घेतलंस." एवढंच. मग म्हणाले, भूक लागली.

म्हैस हप्त्यांत गेली. पांढरा शर्ट रानात घालायचा झाला आणि हे पुन्हा लोकांच्या ज्वारीत वाकायला लागले. त्यांच्यानं पूर्वीसारखं उरकत नव्हतं. बायकांच्या ओळीत मागं पडायचे आणि बायका काही न बोलता त्यांच्या वाट्याची दोन तासं, दोन ओळी, हळूच काढून द्यायच्या. त्याच बायका, घागरी वाहणाऱ्या.

गावाला नवे सरपंच आले, वरच्या आळीतले. मी त्यांचं नाव घ्यायला लागले, पहिल्या दिवसापासून, कारण प्रार्थना खुर्चीसाठी असते. माझं संपलं की आजारी माणसं सुरू व्हायच्या आधी मार्थाकाकू स्वतः म्हणायच्या, "आन् आमच्या शांतवनसाठी." कशासाठी ते म्हणायच्या नाहीत. अधिकारी आणि आजारी यांच्या मधे त्यांनी यांच्यापुरती जागा केली होती. हे ती जागा येईपर्यंत कधी झोपले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर ज्वारी गुडघ्याला आली होती तेव्हा हे बांधावर बसले आणि उठले नाहीत. सुगीला अवकाश होता. मातीला सगळी वस्ती आली, वरच्या आळीतलेही काही आले. पुढच्या सभेत मी देशाची प्रार्थना केली, खाली आले, आणि सवयीनं त्या जागेवर थांबले. काकू आता फार थकल्यात. त्यांनी माझा हात ओढून मला खाली बसवलं. म्हणाल्या, "आता नगं, पोरी. आता त्यो आपल्या मागन्याच्या पल्याड हाय."

आमच्यात मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत. उपकार मानतात, पण मागत नाहीत. मागण्यासारखं काही उरलेलं नसतं, अशी शिकवण आहे. मी ती मानते. तरी जो माणूस जिवंत असताना त्याचं नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ते आता दिवसभर जिभेवर असतं आणि ठेवायला जागा नाही. मी देशासाठी मागते. वरच्या मोठ्या माणसांची नावं घेते तेव्हा वाटतं, यांच्याही घरात कुणी असेल, ताट वाढून बसलेलं, सही करताना त्या हाताकडं बघणारं. त्या बाईसाठी मी मनातल्या मनात दोन शब्द जास्त मागते.

हप्ते मात्र राहिले होते. ते सामुएल आणि मी भरत आलो. तालुक्याच्या ऑफिसात गेलं की कारकून पंखा फिरवून घ्यायचा, जाड रजिस्टर काढायचा आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा, "शांतवन दाविद, माजी सरपंच." सामुएलला ते ऐकून मान खाली घालावीशी वाटायची. मला नाही. दर खेपेला मी ते ऐकायला थोडी पुढं सरकून उभी राहायची.

काल ज्वारीच्या रोजाचे पैसे आले, कामाला गेलेल्या सामुएलनं पुण्याहून थोडे धाडले, आणि मी एकटीच शेवटचा हप्ता घेऊन गेले. कारकून यांचं नाव वाचून पैसे मोजायला लागला. मग पावती फाडून दिली. मग रजिस्टरमध्ये पट्टी ठेवून त्या ओळीवर लाल शाईनं सरळ रेघ मारली आणि म्हणाला, "झालं, मावशी. आता हे नाव इथं वाचायचं काम नाही."

त्यानं पट्टी उचलेपर्यंत मी बघत उभी राहिले. सगळे पैसे फिटले होते.